तांब्याच्या गावातले डच चेहरे

डच चित्रकार व्हर्मीरच्या मोत्याचं डूल घातलेल्या मुलीमागची पार्श्वभूमी काळी नाही. निदान त्यानं ती काळी रंगवली नव्हती. १६६५च्या सुमारास त्यानं काळसर थरावर नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा रंग मिसळून एक पारदर्शक हिरवा हात दिला होता. मुलीच्या मागे हिरवा पडदा होता. उजेडानं पिवळा उडाला, हिरवा विटला आणि अंधार तेवढा उरला. २०१८मध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयानं चित्राची यंत्रांनी कसून तपासणी केली, तेव्हा त्या पडद्याच्या चुण्या सापडल्या. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पापण्याही सापडल्या.

या चित्राच्या हातानं रंगवलेल्या असंख्य प्रती विकल्या जातात आणि बहुतेकींत मागे ट्यूबमधला काळा रंग फासलेला असतो. डच व्यक्तिचित्रांच्या तैलप्रती करणाऱ्याला पहिला निर्णय इथंच घ्यावा लागतो. आज दिसतं ते रंगवायचं, की चित्रकारानं रंगवलं ते? मी चित्रकाराच्या बाजूचा आहे. फोटोतला रंग जुळवत बसलं की चेहरा कागदी होतो. थर मुळात ज्या क्रमानं चढले त्याच क्रमानं चढवले, तर त्वचेखालून उजेड येतो. जुनेपणाचे खोटे तडे मी कधीच पाडत नाही, कितीही मागणी असली तरी.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं १६२८च्या सुमाराचं एक आत्मचित्र आहे. ओकच्या फळीवरचं, जेमतेम वीतभर. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. डोळे सावलीत बुडालेले, उजेड फक्त मानेवर, कानाच्या पाळीवर आणि गालाच्या कडेला. केसांच्या बटा त्यानं रंगवलेल्याच नाहीत. ओल्या रंगात कुंचल्याची दांडी फिरवून त्या खरवडल्या आहेत आणि खालचा फिका थर उघडा पडला, तोच केसांवरचा उजेड. फोटो पाहून काम करणारा बारीक ब्रशनं एकेक पिवळी बट काढत बसतो आणि ते केस त्या डोक्याचे वाटत नाहीत. दांडी फिरवायला रंग नेमका ओला हवा. मध्य प्रदेशातल्या आमच्या मलाजखंडच्या मे महिन्यात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून मी हे काम पहाटे करतो. बिघडलं तर दुरुस्ती नाही, सगळा थर पुसून पुन्हा द्यायचा.

मलाजखंडला राहून हे काम करण्याचा एक मोठा फायदा आहे. हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प इथं १९८२मध्ये सुरू झाला. इथलं तांबं गारगोटीच्या शिरांमध्ये बसलेलं असतं, आणि रेम्ब्रांटच्या १६४२च्या ‘नाइट वॉच’च्या रंगांखालचं अस्तरही गारगोटीचंच आहे. क्वार्ट्झची भुकटी आणि माती जवसाच्या तेलात मळून ते केलेलं होतं. जवस तर बालाघाटपासून विदर्भापर्यंत आपल्याच शेतांत होतो. मी गारगोटी तापवून पाण्यात टाकतो म्हणजे ती तडकते, मग खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करतो. नाकातोंडाला पट्टी बांधूनच, कारण ही धूळ फुप्फुसांत बसली की निघत नाही. तेलात मळलेलं अस्तर पॅलेट नाइफनं कॅनव्हासवर ओढलं की मातकट तपकिरी, किंचित खरबरीत जमीन तयार होते. डोळ्याच्या खोबणीत पुष्कळदा मी काहीच रंगवत नाही. ती जमीन तशीच सोडतो आणि तीच सावली होते.

लहान चेहरे मी तांब्यावर करतो. रेम्ब्रांटचा ‘हसणारा माणूस’ (सुमारे १६२९-३०) तांब्याच्या पत्र्यावर आहे, साधारण १५ बाय १२ सेंटिमीटरचा. तांबं तेल शोषत नाही, पावसाळ्यात कॅनव्हाससारखं सैल पडत नाही आणि रंगाची झळाळी टिकवतं. आमच्या खाणीतून पत्रा निघत नाही, इथून फक्त खनिजाची भुकटी बाहेर जाते. पत्रा मी नागपूरहून आणतो. पॉलिश पेपरनं घासून त्यावर लसणाची कापलेली पाकळी चोळतो. जुन्या युरोपातली ही रीत आहे, लसणानं रंग धरतो.

तांब्यापासून केलेला हिरवा मात्र मी टाळतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, तसंच तांब्याला सिरक्याची वाफ देऊन जंगाल काढत. तेलात हा रंग काळानं तपकिरी पडतो. जुन्या युरोपीय चित्रांतली कित्येक झाडं आज वाळल्यासारखी दिसतात ती यामुळेच.

नक्कल करणं हे हलकं काम, असं आपल्याकडे मानतात. मला ते मान्य नाही. १७१५मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनातल्या भिंतीवर मावेना म्हणून ‘नाइट वॉच’च्या चारही कडा कापल्या गेल्या आणि ते तुकडे कायमचे हरवले. खेरिट लुंडेन्स या चित्रकारानं त्याआधीच एक लहान प्रत केली होती, म्हणून डावीकडे आणखी माणसं होती हे आज कळतं. २०२१मध्ये राइक्सम्युझियमनं त्याच प्रतीच्या आधारे गेलेला भाग संगणकावर तयार केला आणि काही काळ मूळ चित्राभोवती लावला. खुद्द रेम्ब्रांटनं १६५६ ते १६६१च्या सुमारास मुघल लघुचित्रांच्या वीसेक नकला जपानी कागदावर केल्या. त्यांत शहाजहानही आहे.

ज्यांना हॉलंडला जाणं शक्य नाही, त्यांनी पणजीच्या फुंदासाव ओरिएंत या संस्थेत ए. एक्स. त्रिंदाद (१८७०-१९३५) यांची चित्रं जरूर पाहावीत. सांगे इथं जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि तिथंच शिकवणारे त्रिंदाद ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणून ओळखले जात. अंधारातून चेहरा बाहेर काढण्याची विद्या आपल्या माणसाच्या हाती कशी उतरली, ते तिथं दिसतं.

नक्कल मूळ म्हणून खपू नये, यासाठी पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्याला मूळ चित्रापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी प्रत करावी लागते. मीही हा नियम पाळतो. कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचं नाव, माझं नाव, साल आणि कोणते रंग मुळाप्रमाणे पूर्ववत केले ते लिहितो. फ्रेमवाले मागून तपकिरी कागद चिकटवतात. त्याखाली हे लिहिलेलं झाकलं जातं, म्हणून तो लावू देऊ नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो.