बेडूक, साप आणि ‘ला’

साप बेडूक गिळतो. शब्दांची अदलाबदल केली की बेडूक साप गिळतो. मराठी वाक्यात शब्द कुठेही ठेवा, अर्थ बदलत नाही, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण ती मोकळीक विभक्तीची. ‘बेडकाला’ म्हटलं, की क्रम काहीही असो, बेडकाची सुटका नाही.

म्हैसूरला मी नव्या मुलांना पायथॉन शिकवते. फंक्शनला माहिती कशी द्यायची, हे सांगताना मला हा बेडूक फार उपयोगी पडतो. पाठव(अ, ब, 5000) असं लिहिलं, तर पैसे कोणाच्या खात्यातून निघाले? ते फक्त जागेवरून ठरतं. खाती उलटी पडली तरी यंत्र कुरकुरत नाही, पैसे निमूटपणे उलटे जातात. तेच पाठव(कोणाला=ब, कोणाकडून=अ, किती=5000) असं लिहिलं, की क्रमाची चिंता मिटते. (पायथॉन 3 मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात.) बिननावाचं काही द्यायचंच असेल, तर ते नावाच्या मंडळींआधी द्यावं लागतं, एवढंच.

इथली कन्नडही अशीच मिश्र. ‘नानु निनगे दुड्डु कोट्टे’, म्हणजे मी तुला पैसे दिले. ‘निनगे’मधला ‘गे’ म्हणजे आपला ‘ला’. ‘दुड्डु’ मात्र ‘पैसे’सारखाच उघडा. आणि ‘इंद’ हा एकच प्रत्यय दोन कामं करतो: ‘मैसूरिनिंद’ म्हणजे म्हैसूरहून, ‘चाकुविनिंद’ म्हणजे चाकूने. मराठीला हसायला जागा नाही. ‘आईने सुरीने भाजी चिरली’ यात ‘ने’ दोनदा येतो. पायथॉनमध्ये एकाच हाकेत तेच नाव दोनदा दिलं, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. सुरी आपणहून चिरत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, यंत्राला नसतं. पाणिनीने कारक आणि विभक्ती वेगळी मानली, त्यातलं शहाणपण मला व्याकरणाच्या तासापेक्षा इथे जास्त कळलं.

नावाचं ओझंही असतं. विभक्ती कोणी एका रात्रीत बदलत नाही; पण फंक्शन लिहिणाऱ्याने ‘किती’चं ‘रक्कम’ केलं, की ‘किती=’ लिहिणाऱ्या सगळ्यांचे प्रोग्राम अडतात. म्हणून 2019 च्या पायथॉन 3.8 मध्ये तिरकी रेघ आली: तिच्या आधीच्या गोष्टी नावाने देताच येत नाहीत. उलट सक्ती करणारी चांदणी 2008 च्या 3.0 पासून आहे. तिच्या पुढचं सगळं नावानेच द्यायचं.

पैशांच्या फंक्शनला मी सुरुवातीलाच चांदणी लावायला लावते: पाठव(*, कोणाकडून, कोणाला, किती). मुलं टायपिंग वाढलं म्हणून कुरकुरतात. मी फळ्यावर परत साप आणि बेडूक लिहिते, प्रत्ययाशिवाय, आणि विचारते, कोण वाचलं?