कपाटातलं काम

व्हिडिओ एडिटरला कागद कशाला हवा, असं या धंद्यातले जुने लोक हमखास म्हणतात. काम दाखव, बस्स. दाखवायचं म्हणजे शोरील, आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडून केलेली दीड-दोन मिनिटांची फिल्म. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण ज्याचं काम दाखवताच येत नाही त्याने काय करायचं?

माझी भाची मिरजेत सहा वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत बायकांच्या बाजूचं शूटिंग बाईनेच करावं आणि एडिटिंगलाही बाईच बसावी, अशी अट असते. हळद, मेहंदी, मुलीची बिदाई. आठ-दहा तासांच्या फुटेजमधून ती पाऊण तासाची फिल्म काढते. काम झालं की पेनड्राइव्ह घरच्यांच्या हातात द्यायचा आणि आपल्याकडची कॉपी पुसून टाकायची. शब्द दिला म्हणजे दिला.

पुण्यातल्या एका स्टुडिओने तिच्याकडे शोरील मागितली, तेव्हा ती मला म्हणाली, "मामू, माझं सगळं चांगलं काम लोकांच्या कपाटात आहे. दाखवू काय?"

म्हणून ती परीक्षेकडे वळली. ब्लॅकमॅजिकने दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आणि शिकवणीची पुस्तकं वेबसाइटवर ठेवली आहेत. त्यावरची ऑनलाइन परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. तिने सुरुवात तिथून केली. मग पैसे साठवून अडोबीची प्रीमियर प्रोची परीक्षा दिली. तिथे पास व्हायला 1000 पैकी 700 गुण लागतात. नुसती उत्तरं पाठ करून भागत नाही, काही प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष काम करून सोडवावे लागतात. क्लिप ट्रिम करा, आवाजाची पातळी बसवा, सांगितलेल्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करा.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या अभ्यासक्रमात कॉपीराइट आणि परवानगी हाही विषय आहे. कुणाचा चेहरा कुणाला विचारून वापरायचा, हे एडिटरला कळलं पाहिजे असं त्यांनाही वाटतं. ज्या सचोटीमुळे पोरीची शोरील रिकामी राहिली, तीच तिथे अभ्यासाला होती!

या कागदाने सगळं सिद्ध होतं का? नाही. हात सॉफ्टवेअरवर चालतो एवढंच त्यातून कळतं. बिदाईच्या वेळी बापाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, हे कुठली परीक्षा विचारणार? रेणू सलुजांना 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर'साठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो कुठलं बटण कुठे आहे हे माहीत होतं म्हणून नव्हे. वॉल्टर मर्च यांनी 'द इंग्लिश पेशंट' अॅविडवर कापला आणि 'कोल्ड माउंटन' फायनल कट प्रोवर. अवजार बदललं, नजर तीच राहिली.

तरीही मी त्या कागदाच्या बाजूने आहे. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना कागद लागत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी फोन करतं. मिरजेतल्या घरात, पाहुणे झोपल्यावर रात्री एडिटिंगला बसणाऱ्या पोरीसाठी फोन कोण करणार? वकिलालाही सनद मिळते ती कोर्टात उभं राहण्यापुरती. खटला त्यालाच लढावा लागतो.

भाचीने प्रमाणपत्रं पाठवल्यावर त्याच स्टुडिओने तिला चाळीस मिनिटांचं कच्चं फुटेज दिलं आणि दोन दिवसांत तीन मिनिटांची फिल्म मागितली. तिने ती वेळेत दिली. निकाल अजून यायचा आहे. काहीही येवो, या वेळी तिचं काम कुणीतरी पाहिलं. नोकरी देणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, शोरील नाही म्हणून माणसाला परत पाठवू नका. त्याच्यासमोर फुटेज ठेवा आणि कापायला सांगा.