विनालेबलची बाटली

आज उसाचं काही नाही, स्वतःच्या गुडघ्याचं लिहितोय.

दोन वर्षं झाली, उजवा गुडघा धरलाय. रात्री लाइट आली की पाणी द्यायला जायचं, पण बांध चढवत नाही. दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. जिमला जातो. म्हणाला, "काका, पेप्टाइडचं इंजेक्शन घ्या, बीपीसी-१५७. आमच्यातली पोरं घेतात, दुखणं पळतं." बारक्या काचेच्या बाटलीत तळाला पांढरी पावडर. पाणी घालून पोटाच्या कातडीत टोचायची.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. डॉक्टर म्हणालेले, वजन कमी करा, व्यायाम करा, नाहीतर पुढं ऑपरेशन. उसाचं बिल अजून यायचंय. अशात कुणी सुईनं बरं होतं म्हटलं की माणूस हात पुढं करतोच.

पोरीनं बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवलं: 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.' बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही.

तेव्हा आमची म्हैस आठवली. रेडकू मेलं आणि ती पान्हा सोडेना. बाजारातनं अशीच विनालेबलची बाटली आणली, रोज टोचत गेलो. ते ऑक्सिटोसिन. तेही पेप्टाइडच, हे परवा गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पान्हा लगेच सुटायचा. मग सवय अशी लागली की सुईशिवाय थेंब देईना. शेवटी विकली. घेणाऱ्याला खरं सांगितलं नाही, ते अजून मनाला टोचतं.

पेप्टाइड म्हणजे वाईटच, असं नाही. इन्सुलिनही त्यातलंच, त्यावर लाखो माणसं जगतात. पण ते तपासलेलं असतं, डोस ठरलेला असतो, डॉक्टर लिहून देतात. बीपीसीचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. खेळाडूंना तर २०२२ पासून त्याची बंदी आहे. आणि बाटलीत खरंच तेच आहे का, पावडर निर्जंतुक आहे का, हे सांगणार कोण?

फवारणीचं औषध घेताना आपण त्रिकोणाचा रंग बघतो, बॅच बघतो, पक्कं बिल मागतो. विनालेबलचं औषध उसावर मारत नाही, मग स्वतःच्या अंगात कसं घ्यायचं?

बाटली परत दिली. पुतण्याला म्हटलं, तूही डॉक्टरला दाखव. तो नुसता हसला. त्याचीच काळजी लागलीय.

गुडघा दुखतोच आहे. सांगितलेला व्यायाम मात्र आता रोज करतोय. तुमच्या गावात अशा बाटल्या आल्या असतील तर पोरांशी बोला. रागावू नका, आधी लेबल वाचायला लावा.