चढणीचे मासे

गेल्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट. संध्याकाळी वाडीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान झाले, मुलांनी गाणी म्हटली. माझी नात, थोरल्या मुलाची, बदलापूरहून सुट्टीला आली होती. आठवीत शिकते. त्रिसरण-पंचशील तिला तोंडपाठ. तिच्या आवाजामागे आम्ही म्हातारे पुटपुटत होतो. रात्री जेवलो, झोपलो. पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे उठलो, पडवीच्या वाशाला खोचलेली गरवायची काठी काढली, करवंटीत थोडी गांडुळे घेतली आणि पायात चपला सरकवल्या, तर ही मागे उभी.

"आजोबा, कुठं?"

"डोहावर. येतेस?"

आली. तास-दीड तास माझ्या शेजारी दगडावर गुपचूप बसली. दोन शिंगट्या लागल्या. दुसरी गळावरून सोडवत होतो. शिंगटीचा काटा बोटाला लागला तर दिवसभर ठणकतो, म्हणून माझे सगळे लक्ष तिथेच. तेवढ्यात ही म्हणाली, "आजोबा, काल आपण पहिलं शील म्हटलं ना?"

मी काही बोललो नाही. ती पुढे म्हणाली, "आणि पऱ्या तर सगळा आटलाय. ह्यांना पळायलापण जागा नाही."

घरी आल्यावर तिने आजीला सगळे सांगितले. आमच्या मंडळींनी चुलीवरून मान वर केली आणि मला म्हणाल्या, "द्या आता उत्तर. चाळीस वर्षं मी विचारलं नाही, ती माझीच चूक."

ज्या वाचकांचे गाव कोकणात आहे त्यांना पऱ्या म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. डोंगरातून उतरणारा लहानसा ओढा, त्याला आम्ही पऱ्या म्हणतो. आमचे गाव खेड तालुक्यात, कशेडी घाटाच्या अलीकडे. पऱ्या पुढे जगबुडीला मिळतो, जगबुडी वाशिष्ठीला आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोकांना वाटते, कोकणात पाण्याला काय तोटा? पण जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नाही. होळी आली की पऱ्याचे दगड उघडे पडतात. मे महिन्यात एक डोह तेवढा उरतो, माणूसभर खोल आणि दोन बैलगाड्या मावतील एवढा. पावसाळ्यात दोन मैलांत पसरलेले मासे उन्हाळ्यात तेवढ्यात गोळा झालेले असतात. नातीचे म्हणणे खोटे नव्हते.

मी १९७४ साली लालबागला गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. साचाखात्यात होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यात आमचे काय झाले ते आपल्या घराघरांत माहीत आहे. पुढे तीस-बत्तीस वर्षे मिळेल ते काम केले, शेवटी वॉचमनचे. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीवर डालड्याच्या डब्यात मिरचीचे रोप लावायचो, तेवढीच शेती. २०१४ साली गावी परतलो तेव्हा बापाची काठी माळ्यावर होती, पण चिवा वाळवीने खाल्लेला. नवा चिवा तोडला, धुरावर धरून सरळ केला. तंगूस आणि गळ बाजारातून आणले. तुटलेल्या हवाई चपलेचा तुकडा कापून तरंगायला लावला, सायकलचा नट वजनाला. गळाला गाठ मात्र मी साच्यावर तुटलेला धागा जोडायचो तीच मारतो. हाताला तीच येते. आजवर ती सुटलेली नाही.

परस हा माझ्यापेक्षा मंडळींचा प्रांत. मी खणणारा, त्या सांगणाऱ्या. न्हाणीचे पाणी अळवाच्या वाफ्यात सोडले आहे, पलीकडे केळी. अळू बारमाही. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, वांगी, मिरची. भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर कडवे वाल पेरतो. त्यांना वरून पाणी द्यावे लागत नाही, रात्रीच्या दवावर येतात. आमच्या घरच्या वालाच्या बिरड्याचे नाव बदलापूरपर्यंत गेले आहे. पूर्वी मका आणि भुईमूग लावायचो. आता माकडे काही ठेवत नाहीत. टोळी उतरली की अर्ध्या तासात मांडव मोकळा. म्हणून माकडे ज्याला तोंड लावत नाहीत ते वाढवले आहे, हळद, आले, सुरण. तरी पडवळासाठी मंडळी पत्र्याचा डबा घेऊन बसतातच.

माशाची घाण, म्हणजे पोटातले आणि खवले, कधी फेकायची नाही, असा घरचा नियम. वांग्याच्या बुंध्यापासून वीतभर लांब हातभर खड्डा करून पुरायची, वर राख, वर दगड. दगड ठेवला नाही तर कुत्रा रात्रीत उकरतो आणि वांग्यासकट नेतो. हा अनुभव दोनदा घेतला आहे. भाजीवर फवारा मात्र मारत नाही. एका वर्षी वांग्यातल्या किडीला कंटाळून मारला होता. दुसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला, परसातले पाणी सरळ पऱ्यात उतरले आणि उतरणीच्या तोंडाशी झिंगे मरून लाल पडलेले दिसले. झिंग्याला विष सोसत नाही. तेव्हापासून राख मारतो आणि किडके वांगे कापून उरलेले खातो.

२२ जुलै २०२१ ला खेड-चिपळूण पाण्याखाली गेले, त्या रात्री आमचा पऱ्याही फुगला. परसाचा खालचा टप्पा बांधासकट गेला. सात वर्षे शेणखत घालून केलेली माती एका रात्रीत जगबुडीला. सकाळी तिथे नुसता गोटा होता. मंडळी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या दोन उन्हाळ्यांत घमेल्याने माती आणून तो टप्पा पुन्हा भरला. अजून पूर्वीसारखा झालेला नाही.

डोहाविषयी एक सांगायचे राहिले. पऱ्याला डोह दोन आहेत. वरचा गावाचा आणि खालचा आपला. माझ्या आजोबांच्या काळी आपल्या माणसाने वरच्या डोहाला हात लावायचा नाही. पाणी खालचे, गुरे धुतल्यानंतरचे. गरवायचे तर तेही खालीच. घाट उतरला की महाड. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तिथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आजोबा तिकडे गेले होते की नाही, हे घरात कुणी खात्रीने सांगत नाही. काही जण गेलेच म्हणतात. पण बाप वरच्या डोहावर पहिल्यांदा काठी घेऊन बसला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. वरून कुणीतरी ओरडले. बापाने मान वळवली नाही, तरंगाकडे बघत राहिला. मासा काही लागला नाही, पण आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. आज मी कुठेही बसतो. ज्यांचे आजे ओरडायचे त्यांची मुले "काका, काय लागलं का?" विचारून पुढे जातात. मासे तर तेव्हाही दोन्ही डोहांत ये-जा करायचेच.

आता नातीचे उत्तर. त्या दिवशी मी पुस्तक काढले. दर वर्षावासात विहारात आम्ही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. मी नातीला पान उघडून दाखवले. माझे पेन्शन विजेच्या बिलात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत जाते, मासा विकत आणणे रोजचे नाही, हेही सांगितले. आमच्या खाण्याला नाक मुरडणाऱ्यांनी तो मुद्दा आम्हाला शिकवू नये, असेही थोडे आवाज चढवून म्हणालो. तिने पान नीट वाचले. मग म्हणाली, "मग तुम्ही पहाटे उठून गरजेसाठी जाता की आवडतं म्हणून?"

खरे सांगायचे तर आवडते म्हणून. तरंग बुडतो तेव्हा छातीत जे होते ते गरजेने होत नाही.

त्या संध्याकाळी अळवातले तण काढताना मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी मंडळींनाही सांगितली नव्हती. मी बारा वर्षांचा असेन. श्रावणात पाणी निवळले की खालच्या डोहाच्या कडेला मरळीची पिल्ले दिसतात. शेकडो, लालबुंद, एका गोळ्यात, कुंकू सांडल्यासारखी. अधूनमधून सगळी वर येऊन हवा घेतात. त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात. मरळीचे नर-मादी दोघेही पिल्ले राखतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. ही गोष्ट गरवणाऱ्याला माहीत असते आणि तिचाच तो फायदा घेतो. गळाला बेडकी लावून त्या लाल गोळ्यात टाकली की मरळ भुकेने नाही, रागाने धरते. मी तसेच केले. हातभर मरळ निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, दुसरी निघाली. बापाने वाडीत दाखवत नेली. तिसऱ्या दिवशी पिल्ले विखुरलेली होती, खंड्या वरून मारत होता, खालून दुसरे मासे. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ होते. लाल ठिपका म्हणून नव्हता.

नात म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "मग काही नाही. तण काढ."

पण त्यानंतर मी काठी वाशाला खोचली ती काढली नाही. निदान डोह एवढासा असेपर्यंत काढायची नाही, असे ठरवले. बंधाऱ्याचे पाणी उतरले की गळ बंद. दर नोव्हेंबरात आम्ही दोन्ही वाड्यांची माणसे मिळून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यात वनराई बंधारा घालतो. फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी टिकते, परसाला पुरते आणि माशांनाही जागा मिळते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कुणीतरी डोहात टीसीएल पावडर टाकली होती. सकाळी सगळा डोह पांढरा, पोटे वर. काडेपेटीतल्या काडीएवढी पिल्लेसुद्धा. मोठे मासे पोत्यात भरून नेले, बाकीचे तसेच. चार दिवस गुरे पाण्याला लावली नाहीत. कुणी केले ते आजही ठाऊक नाही. संशय सगळ्यांवर घेतला गेला, आपल्या पोरांवर थोडा जास्तच. तेव्हा मी खूप बोललो होतो. आता वाटते, एप्रिलच्या डोहावर काठी घेऊन बसणारा मी, बोलताना आवाज थोडा खाली ठेवायला हवा होता.

आणि दुसरे बंद केले ते चढणीचे मासे. मृगाचा पाऊस झाला, पऱ्याला लाल पाणी आले, की नदीतले आणि डोहातले मासे उलटे वर चढतात. पोटात गाबोळी भरलेली. उथळ गवताळ पाण्यात, भाताच्या खाचरात अंडी घालायची असतात त्यांना. पोटरीएवढ्या पाण्यात दगडांवरून उड्या मारत येतात. रात्री अख्खा गाव बॅटऱ्या, कोयत्या, टोपल्या घेऊन पऱ्यात. लहानपणी वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला विचारले असते तर मी हाच सांगितला असता. अजूनही सांगेन. त्या एका रात्रीत टोपलीभर मासे आणि टोपलीभर माशांच्या पोटात पुढच्या वर्षीचा पऱ्या.

यंदा पाऊस आला त्या रात्री नुसती बॅटरी घेऊन गेलो. वाडीतल्या पोरांना वाटले म्हाताऱ्याचे डोके फिरले. "तात्या, कोयती विसरलात!" म्हणून हसले. मी कुणाला उपदेश केला नाही. त्यांच्या घरात खाणारी तोंडे जास्त आहेत. वरच्या डोहाजवळच्या दगडावर बसलो. बॅटरीच्या उजेडात एकेक मासा पाण्याच्या धारेला पाठ लावून थांबतो, दम घेतो आणि एकदम वर. चुकला की खाली आपटतो, पुन्हा येतो. मोजायला लागलो, साठ-सत्तरनंतर सोडून दिले. साठ वर्षे मी हे मासे धरले, पण चढताना नीट बघितले नव्हते.

तिथूनच बदलापूरला फोन लावला. नात जागी होती. फोन पाण्याकडे धरला. तिला फक्त खळखळ ऐकू आली असणार.

"किती धरलेत?" तिने विचारले.

"एकही नाही."

घरी आलो तर शेजारच्या पोराने आमच्या वाटणीचे चार मासे पोचवलेले. वाडीची रीत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घरी आधी. मंडळींनी साफ करून ठेवले होते, गाबोळी वेगळ्या वाटीत. सकाळी मासे आमसूल घालून झाले, गाबोळी तव्यावर, हळद-मिठात. भाकरी गरम होती.

दुपारी पुन्हा नातीचा फोन आला. आजीने तिला सगळे आधीच सांगितले होते.

"खाल्लेत?"

"खाल्ले," मी म्हणालो.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, "गाबोळीपण?"

"गाबोळीपण."