बालाघाटची लांब वही

खरं सांगायचं तर मी बालाघाटला आत्याला भेटायला गेले नव्हते. जमीन विकायला गेले होते.

बाबा गेल्यानंतर वारासिवनीजवळची त्यांच्या वाट्याची दीड एकर धानाची जमीन माझ्या नावावर झाली. सातबाऱ्याच्या जागी तिकडे खसरा असतो. त्यावर माझं नाव चढलं तेव्हा मी नकाशात ते गाव शोधलं होतं. जमीन आत्या बघते, तिच्या स्वतःच्या शेतासोबत. दरवर्षी पन्नास किलो चिन्नोर तांदूळ पुण्याला येतो आणि त्यापलीकडे त्या जमिनीचा विचार आम्ही कधी केला नाही. पण गेल्या वर्षी फ्लॅट बघायला लागलो. दोघांचे पगार, तरी महिन्याच्या वीस तारखेला खातं कोरडं. सुरुवातीची रक्कम कुठून आणायची? नवरा म्हणाला, तुझी ती बालाघाटची जमीन आहे ना. मी म्हटलं, आत्याशी बोलते. फोनवर बोलण्याची गोष्ट नव्हती, म्हणून नोव्हेंबरात निघाले.

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्री पुण्याला बसलं की दुसऱ्या दिवशी गोंदिया. तिथून बालाघाट जेमतेम चाळीस किलोमीटर. मी सकाळच्या पॅसेंजरने गेले. बिरसोला मागे पडलं की बाघ नदीचा पूल येतो. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. खिडकीतून मात्र काही बदलत नाही: दोन्हीकडे तेच बांध, तीच कापणीला आलेली धानाची खाचरं. लहानपणी याच मार्गावर आम्ही छोट्या रुळांच्या गाडीने जायचो. ती इतकी हळू चालायची की आत्या म्हणायची, उतरून चार बोरं तोड आणि परत चढ. आता सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. बालाघाटहून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडीही २०१५ साली बंद झाली.

आपल्या मंडळातल्या अनेकांना बालाघाट म्हटलं की कान्हाचं जंगल आठवतं, किंवा काहीच आठवत नाही. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट तिकडेच राहिलं. घरं, सोयरिकी आणि बोलणं मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिलं. आत्या बाजारात हिंदीत भाव करते, शेतातल्या बायांशी पोवारीत बोलते आणि माझ्यावर मराठीत ओरडते. आतोबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत हजेरी कारकून होते. त्यांच्या पगारावर आणि या शेतीवर घर चाललं, तिन्ही मुलांची लग्नं झाली, कर्ज कधी झालं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कसं जमलं, ते कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही शेतावर गेलो. साध्या धानाची कापणी झाली होती. चिन्नोर उशिरा पिकतो, म्हणून तो अजून उभा होता आणि बांधावर उभं राहिलं तरी त्याचा वास येत होता. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्याच्या लेखी त्यात नवीन काही नव्हतं. "आम्हाला आधीपासून माहीत होतं नं," एवढंच ती म्हणाली.

मी पाहत होते ते कापलेल्या खाचराकडे. धानाच्या बुडख्यांमधून हिरवी रोपं वर आली होती. मला वाटलं, तण. आत्या हसली. म्हणाली, "हा उतेरा आहे. लाखोळी नि जवस."

उतेरा म्हणजे काय, ते मला माझ्याच शेतात उभं राहून शिकावं लागलं. धान कापणीला दोन-तीन आठवडे असतात तेव्हा खाचरात चिखलाची ओल असते. त्या उभ्या धानातच लाखोळीचं, जवसाचं बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान कापेपर्यंत खाली रोपं उगवलेली असतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवरच ती वाढतात. लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी होते, काही वाळवून ठेवतात. जवसाची चटणी घरात, उरलेलं बाजारात. ती ओल एरवी उन्हाने उडूनच गेली असती.

"मग हे पैसे कशात धरतेस?" मी विचारलं.

"कशातच नाही. उतेऱ्याचा पैसा घरखर्चात धरायचा नाही. तो वेगळा."

संध्याकाळी तिने कपाटातून वह्या काढल्या. लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार वापरतात तसल्या लांब वह्या. पहिली १९७८ ची, तिच्या लग्नाच्या वर्षाची. मला वाटलं होतं रोजचा खर्च लिहिलेला असेल: दूध, भाजी, साबण. तोही होता, पण मागच्या पानांवर. वर्षाचं पहिलं पान वेगळंच होतं. तिथे धान घरात आलं त्या दिवसाची तारीख आणि खाली त्याच क्रमाने दरवर्षी तेच शब्द: बियाणं. मजुरी. देणं. पाहुणे. घर. विक्री.

तिने समजावून सांगितलं. धान मळून झालं की सगळ्यात आधी पुढच्या वर्षीचं बियाणं काढायचं, तेही चांगल्यातलं. ते वेगळ्या मडक्यात, कडुलिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून. मग कापणीच्या बायांची मजुरी आणि कुणाचं देणं असेल ते. मग पाहुण्यांसाठी आणि सणासाठी एक कोठी. त्यानंतर जे राहील त्यात घराने वर्ष काढायचं, आणि घराचं भागून उरलं तर विक्री. गिरणीतून तांदूळ आला की त्यातही वाटे: अख्खा तांदूळ पाहुण्यांना आणि सणाला, कनकी रोजच्या जेवणाला, कोंडा गायीला. शंभर किलो धानाचे साधारण सदुसष्ट किलो तांदूळ होतात. बाकीच्या तेहतीस किलोंतलंही काही वाया जात नव्हतं.

आतोबांच्या पगारालाही तिने हाच नियम लावला होता. पगाराच्या दिवशी आधी पोस्टात, मग किराणा, मग बाकी. शेजारणींची भिशी होती, तिला तिकडे बीसी म्हणतात. तिचा हप्ताही 'देणं' या सदरात.

मी माझ्या महिन्याचा विचार केला. आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी खर्च, मग हप्ते, आणि उरलं तर बचत. उरत नाही. आम्ही उधळे आहोत असं मला कधी वाटलं नाही, आणि नाहीही. पण आमच्या वर्षाला पहिलं पानच नाही.

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजारातून आम्ही परतत होतो. सोबत शेतावर कामाला येणारी एक बाई होती. ती मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. पन्नास पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचा एक मानक बोरा. २०२४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बोऱ्याचा दर चार हजार रुपये केला. मी मनात भागाकार केला: पुड्याला चार रुपये. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून मोजून बांधायची, तेव्हा पन्नास पानांचे चार रुपये. ऑफिसखाली मी जी कॉफी पिते, ती दोनशेची. म्हणजे पन्नास पुडे, अडीच हजार पानं. हे मी कुणाला लाजवायला लिहीत नाही. मी आजही ती कॉफी पिते, पण रोज नाही, आणि पिताना मला आकडा माहीत असतो.

त्या रात्री वह्या चाळताना १९८६ च्या पानावर बाबांचं नाव दिसलं. 'उतेरा' या शब्दाखाली: भावाला, पुण्याची खोली, १,५०० रुपये. बाबांना पिंपरीत नोकरी लागली, तेव्हा खोलीची अनामत भरायला पैसे नव्हते, ही गोष्ट मला माहीत होती. ते कुठून आले, हे माहीत नव्हतं. आत्याने 'घरखर्चात धरायचा नाही' म्हणून बाजूला ठेवलेला तो पैसा होता. खाली दोन ओळी आणखी होत्या. १९८८: आले ५००. १९८९: आले १,०००. बाबांनी सगळे फेडले होते.

मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले. पुण्यातलं आमचं पहिलं छप्पर याच शेतांच्या ओलीतून आलं होतं. आणि मी दुसऱ्या छपरासाठी त्यातलंच दीड एकर विकायला आले होते.

आत्याला मी एवढी शहाणी करून सांगते आहे, तर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती तिने स्वतःच सांगितली. १९९९ ची वही मी हातात घेतली तेव्हा ती म्हणाली, "ती राहू दे." मग स्वतःच उघडली. त्या वर्षी माझ्या आतेबहिणीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. पैसे होते, पण ते घराचे कवेलू बदलायला ठेवलेले. आत्याने वहीतला क्रम मोडला नाही. कवेलू बदलले आणि ताई बालाघाटलाच बी.ए. झाली.

"कवेलू दोन वर्षांत वानरांनी पुन्हा फोडले," आत्या म्हणाली. "पोरगी अजून एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वही मी चालवते असं मला वाटायचं. त्या वर्षी वहीने मला चालवलं."

त्यानंतरच्या वर्षापासून पहिल्या पानावर एक शब्द वाढलेला आहे. बियाण्याच्या खाली, मजुरीच्या वर: शिकणं. धाकट्या दोघांना त्याचा उपयोग झाला.

चार दिवस गेले आणि जमिनीचा विषय मी काढलाच नाही. रोज ठरवायचे, रोज राहायचं. स्टेशनवर ती सोडायला आली. माझ्या हातात लाखोळीच्या वाळल्या भाजीची पिशवी, कोहळ्याच्या वड्यांचा डबा. गाडीला वेळ होता.

"तू कशासाठी आली होतीस, ते राहिलंच नं?" तिने विचारलं.

मग सांगितलं. फ्लॅट, सुरुवातीची रक्कम, हप्ते, सगळं. मला वाटलं होतं ती रागावेल किंवा रडेल. तिने शांतपणे ऐकलं.

"जमीन तुझ्या बापाची होती, आता तुझी आहे. विकायची तर वीक, मी सही अडवणार नाही. जागा घेणं काही वाईट नाही. पण विकायच्या आधी एक वर्षाची तुझी वही मला दाखव. त्यात पैसा कुठे जातो ते दिसलं आणि तरी कमी पडला, तर मी स्वतः गिऱ्हाईक बघते."

पुण्याला आल्यावर एक लांब वही घेतली. मोबाईलमध्ये हिशेबाची ॲप आहेत, दोन मी आधी वापरून सोडलीही होती. ती खर्च झाल्यावर सांगतात. मला खर्चाच्या आधीचं पान हवं होतं. पगाराच्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते लिहितो. बियाणं म्हणजे आमच्यासाठी फ्लॅटसाठी बाजूला जाणारी रक्कम. मग मुलाचं शिकणं. मग घरकामाच्या मावशींचा पगार, जो पूर्वी आम्ही पाच-सहा तारखेपर्यंत लांबवायचो. मग देणं, म्हणजे कार्डाची थकबाकी. मग पाहुणे. या सदराला नवरा हसला होता, पण दिवाळीचा खर्च आता तिथूनच होणार आहे. मग घर.

पहिल्या महिन्यात आठ तारखेलाच क्रम मोडला. दुसऱ्या महिन्यात भांडण झालं, बाहेरून मागवलेल्या जेवणावरून. तिसऱ्या महिन्यात वीस तारखेला खात्यात थोडे पैसे होते. आम्ही दोघांनी दोनदा तपासलं. कार्डाची थकबाकी अजून आहे, पण ती कमी होताना दिसते. तीन खोल्यांच्या फ्लॅटऐवजी आता दोन खोल्यांचे बघतो आहोत, ऑफिसपासून थोडे लांब.

जमीन विकू की नाही, हे अजून ठरलेलं नाही. नोव्हेंबरात चिन्नोर कापणीला येईल तेव्हा वही घेऊन जायचं आहे. आत्याने फोनवर विचारलं, किती पानं झाली? मी म्हटलं, आठ. ती म्हणाली, "मोडलेलं पान फाडू नकोस. तेच आधी दाखव."