ओसरी गेली, कुत्रीं आंत आलीं

बाणेर-बालेवाडी ओलांडली म्हणजे मुळेच्या कांठीं महाळुंगे लागतें. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं येथें भव्य क्रीडानगरी उभी राहिली, २०२१ सालीं गांव पुणें महानगरपालिकेंत गेलें, आणि शेतांच्या जागीं उंच इमारती आल्या. मला मात्र तेथें कुत्र्यांच्या निजण्याचा प्रश्न अधिक मनोरंजक वाटला.

जुन्या घरांत तो प्रश्नच नव्हता. एक कुत्रा ओसरीच्या पायरीवर, दुसरा गोठ्याच्या दाराशीं; प्रत्येकाची हद्द ठरलेली. उंबरठ्याच्या आंत सर्वांसच मज्जाव! या व्यवस्थेचें कौतुक करतांना एक गोष्ट आपण विसरतों. उघड्यावर निजलेला कुत्रा बिबट्यास आयताच सांपडतो. सह्याद्रीलगतच्या अकोले तालुक्यांतील अभ्यासांत बिबट्याच्या आहारांत वजनाच्या मानानें सुमारें ३९ टक्के वांटा कुत्र्यांचा निघाला. सोंवळें आमचें, जीव त्याचा!

आतां वरच्या मजल्यावर दोन कुत्रीं पाळणाऱ्या गृहिणीस हद्दी स्वतःच आंखाव्या लागतात. एक गोणपाट दोघांस पुरेल, असें समजूं नये. म्हाताऱ्यानें निवडलेला कोपरा नव्या पिलास देऊं नये. अंथरुणें परस्परांपासून दूर आणि जाण्यायेण्याच्या वाटेबाहेर घालावीं. निजलेल्या कुत्र्यास मुलांनीं हात न लावतां लांबूनच हांक मारावी. दचकून उठलेला गरीब कुत्राही चावतो.

एका घरीं पाहिलें तें असें: देवघरापासून लांब, गॅलरीच्या दाराशीं थोरला, आजोबांच्या खाटेखालीं धाकटा. रात्रीं आजोबा खोकले कीं दोघेही आपापल्या जागेवरून मान वर करीत.