बोका शांत झाला

जनावरांत जन्म गेला माझा, पण मांजराचं कधी काही केलं असं आठवत नाही. गावाकडं मांजर पाळायचं म्हणजे काय, तर उंदीर धरतं म्हणून त्याला हाकलायचं नाही. धार काढून झाली की वाटीत थोडं दूध ओतायचं. ते आजारी पडलं तर कुठंतरी आडोशाला जाऊन मरतं, आणि आठवड्यानं कुणीतरी म्हणतं, "आरं, मनी कुठं दिसंना?"

विश्रांतवाडीला लेकाच्या घरी तसं नाही. तिसऱ्या मजल्यावर भुऱ्या नावाचा बोका घरातल्या माणसासारखा राहतो. नातीनं पार्किंगमधून उचलून आणलेला. खायला पिशवीतले कोरडे दाणे, आणि मुतायला प्लास्टिकच्या घमेल्यात विकतची वाळू. वाळूचा भाव ऐकला तेव्हा मी सूनबाईला म्हणालो, "आमच्या ओढ्याला फुकट पडलीय की!" लोहगावच्या तळावरनं लढाऊ विमान उठलं की हा गडी पलंगाखाली.

माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती याच रस्त्यानं. दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर. म्हणून दरवर्षी आदल्या दिवशी मी शिरूरकडनं येतो, लेकाकडं मुक्काम करतो, दर्शन झालं की लगेच माघारी. पेरणी तोंडावर असते.

दोन वर्षांमागं असाच आलो. संध्याकाळी बघतोय तर भुऱ्या सारखा वाळूत जाऊन बसतोय. कुंथतोय, बाहेर येतोय, खाली चाटतोय, परत जाऊन बसतोय. सूनबाई म्हणाली, "आबा, पोट साफ होत नाहीये त्याचं." शेजारणीनं सांगितलं म्हणून तिनं दुधात तूप घालून दिलं होतं. त्यानं तोंड लावलं नाही. मोरीत जाऊन ओरडला. ते ओरडणं मांजराचं वाटत नव्हतं.

रात्री नवाच्या सुमाराला तो वॉशिंग मशिनमागं जाऊन पडला. ओरडणं बंद. नात म्हणाली, "आबा, शांत झाला बघा. बरं वाटतंय त्याला."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

१९८६ साली आमच्या खिलार जोडीतला सोन्या असाच करत होता. पोटाला लाथा मारायचा, शेपूट झटकायचा, उठबस करायचा. वडील म्हणाले, पोट फुगलंय. बांबूच्या नळीनं आम्ही त्याला गोडेतेल आणि हिंग पाजलं. दोन दिवस. गुरांचा दवाखाना लांब, त्यात बाजारचा दिवस, उद्या बघू करत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सोन्या शांत उभा. बादलीभर पाणी प्यायला. वडिलांनी मारुतीला नारळ फोडला. संध्याकाळपासून त्याचं पोट दोन्ही अंगांनी पखालीसारखं उतरायला लागलं. मग डॉक्टर आणला. त्यानं पोटाला हात लावून विचारलं, "मुतला कधी होता?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. खडा अडकला होता. लघवी तुंबून पिशवी फुटली, म्हणून तर दुखायचं थांबलं होतं. शांत झाला तेव्हाच बैल गेला होता. पुढं वडील सोन्याविषयी बोलायचे, पण त्या नारळाविषयी कधी बोलले नाहीत.

मी भुऱ्याला ओढून बाहेर काढला. पोटाखाली हात घातला तर लिंबासारखं टणक लागलं. घमेलं चाळलं, वाळू कोरडी. लेकाला म्हणालो, "ह्याची मूत तुंबलीय. गाडी काढ."

"आबा, सकाळी नेऊ ना."

"सकाळी रस्ता बंद. पालखी हाय."

एका ठिकाणी फोन केला तर सकाळीच आणा म्हणाले. दुसरा दवाखाना उघडा मिळाला. कपडे धुवायच्या टोपलीत घालून नेला. डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या पुतणीएवढी. तिनं पोट दाबलं आणि काही न बोलता आत नेला. भूल देऊन बारीक नळी घातली; तांबडी लाल लघवी बाहेर आली. बाहेर येऊन म्हणाली, नर मांजराची लघवीची वाट फार चिंचोळी असते, खडीनं नाहीतर चिकट मळानं बुजते. विष रक्तात चढतं आणि काळीज बंद पडतं. दुखतंय म्हणून आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी दिली नाही ना, हेही तिनं विचारलं. मांजराला ती अर्धीसुद्धा जीव घेणारी. ती गोळी लेकाच्या घरात फ्रिजवरच पडलेली असते.

दुसऱ्या दिवशी पालखी गेली तेव्हा मी नातीला धरून कडेला उभा होतो. तिनं कशासाठी हात जोडले ते मला माहीत होतं. मीही तेच मागितलं, माउलींपुढं बोक्यासाठी मागायची लाज वाटली तरी.

घरी सोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पहिल्या काही दिवसांत परत तुंबू शकतं. लघवी मोजा. लेक-सून कामाला, नात शाळेला. मोजणार कोण? मी भावाला फोन केला, बाजरी तूच पेर.

आठ दिवस मी तिथं मांजराची धार काढल्यासारखा बसलो. गळ्यात प्लास्टिकची झालर घातलेली, ती दाराला आपटायची. गोळी द्यायची म्हणजे टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, जबडा उघडून जिभेच्या मुळाशी टाकायची. बैलाला चार माणसं लागायची. ह्याला मी एकटा, पण ओरखडे बैलानं कधी काढले नव्हते. कोरडे दाणे कमी केले, ओलं खाणं सुरू केलं. वाटीतलं पाणी तो पीत नव्हता. मोरीतला नळ थेंब-थेंब सोडला तर मान वाकडी करून प्यायचा. लेक म्हणाला, पाणी वाया जातंय. मी म्हणालो, खाली बादली ठेव.

लघवी पडली की त्या वाळूचा गोळा होतो. सूनबाई कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकोनात मी पेन्सिलीनं रेघा मारायचो. एक गोळा, एक रेघ. पहिल्या दिवशी बारीक-बारीक सात, लाल. रात्री दोनदा उठून बॅटरीनं बघायचो. पाचव्या दिवशी तीन, चांगले मोठे, लिंबाएवढे. नात झोपली होती, तिला उठवून दाखवले.

नवव्या दिवशी गावाकडं आलो. भावानं पेरलेलं दोन तास वाकडं गेलं होतं, मी काही बोललो नाही. संध्याकाळी बांधावर असतो तेव्हा फोन वाजतो.

"आबा, आज चार."

"मोठे का बारीक?"

"मोठे."

"बरं. नळ सोडलाय ना?"